नकाशातून इंग्रजी
महाराष्ट्रात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच शिकवतात. पण मुलं उत्तरं पाठ करतात, स्वतः प्रश्न विचारायची गरजच त्यांना पडत नाही. नकाशाचा खेळ ती गरज निर्माण करतो. दोघांना गोदावरीचे अर्धवट नकाशे द्यावेत. पैठण दोघांकडे, पण नाशिक एकाकडे आणि नांदेड दुसऱ्याकडे. एकमेकांच्या नकाशात डोकावायचं नाही, फक्त विचारून आपल्याकडे नसलेलं गाव भरायचं: ‘इज नांदेड ईस्ट ऑफ पैठण?’ भूगोल ओळखीचा, त्यामुळे सगळं लक्ष वाक्यावर राहतं. मुलं मराठीत बोलतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी लागणारी वाक्यं आधी फळ्यावर लिहावीत, आणि नकाशावर गावाची खूण इंग्रजी उत्तर मिळाल्यावरच करू द्यावी. मधल्या कुजबुजीत मराठी आली तर येऊ द्या. यात नुसती गावांची नावं घोकली जातात, असंही म्हणतात. पण गाव कुठल्या काठावर, कुणाच्या पूर्वेला, हे सांगायला पूर्ण वाक्यच जुळवावं लागतं.