विद्यापीठाची वाट आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षणफंड, वधूवरसूचक शाखा आणि वसतिगृहाची इमारत या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय लहान वाटेल. पुण्यातील आपल्या वसतिगृहातून विद्यापीठात सायकलीने जाणाऱ्या मुलामुलींनी कोणत्या रस्त्याने जावे, एवढाच तो आहे. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्यावर येऊन पडला आहे.

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील एक विद्यार्थिनी सकाळच्या तासासाठी निघाली असता गणेशखिंड रस्त्यावर पडली. मागून आलेली बस तिला ओलांडून थांब्यासाठी एकदम डावीकडे घुसली. तिला चुकविण्यासाठी मुलीने चाक वळविले, ते पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. तिसऱ्या दिवशी तिचे वडील गावाहून आले व मुकाट्याने तिची ट्रंक भरू लागले. "कॉलेज आमच्या तालुक्यालाही आहे. हातपाय मोडून घ्यायला पोरीला पुण्यात कशाला ठेवू?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारण पहिल्या दिवशी वसतिगृहाच्या दारात उभे राहून, "सरळ मोठ्या रस्त्याने जा, म्हणजे चुकणार नाहीस," असे तिला सांगणारे आम्हीच होतो. ती वाट चुकू नये एवढीच काळजी आम्ही वाहिली. ती सुखरूप पोहोचावी, हा विचार आमच्या मनाला शिवला नाही.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानी त्याचा संसार सुरू झाला, तेव्हा शहराबाहेरच्या त्या जागी सायकल मारीत जाणे यात कोणास काही विशेष वाटत नसे. आपल्यातील अनेक वडीलधाऱ्यांच्या आठवणीत तोच रस्ता आहे आणि मुलांना सल्ला देताना आपण त्याच रस्त्याचा देतो. परंतु तो रस्ता आता राहिलेला नाही. औंध, बाणेर व पाषाण या तिन्ही बाजूंची वाहतूक विद्यापीठ चौकात एकत्र येते. त्या चौकातील उड्डाणपूल २०२० साली पाडण्यात आले आणि त्यानंतर मेट्रोच्या कामासाठी वाहतुकीची मांडणी वारंवार बदलत गेली. आपली आठवण कितीही गोड असली, तरी ती मुलांच्या हाती नकाशा म्हणून देता येत नाही.

मग मार्ग निवडावा कसा? आमच्या अल्प अनुभवातून तीन कसोट्या हाती आल्या आहेत.

पहिली कसोटी वाहनांच्या वेगाची. ताशी २० किलोमीटर वेगाने येणारे वाहन ब्रेक दाबल्यावर जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर त्यास ताशी ४० किलोमीटर वेगात लागते. म्हणून रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, ही समजूत सोडावी. ज्या अरुंद रस्त्यावर मोटारींना हळू चालावे लागते, तो सायकलस्वारास पुष्कळदा अधिक मानवतो.

दुसरी कसोटी चौकांची. मार्गाची लांबी मोजण्याआधी त्यावरील मोठे चौक मोजावेत. सायकलचा वेग ताशी १२ किलोमीटर धरला, तर एक किलोमीटरच्या वळशाला अवघी पाच मिनिटे अधिक लागतात. एक अवघड चौक टळत असेल, तर पाच मिनिटांचा हा सौदा महाग नाही.

तिसरी कसोटी परतीची. सकाळी सात वाजता निर्धोक वाटणारा रस्ता सायंकाळी सातला तसा असतोच असे नाही. दिवे, वर्दळ, दुकाने आणि हाकेला ओ देणारी माणसे यांचा विचार परतीच्या वेळेस धरून करावा. मुलींच्या बाबतीत तर तो प्रथम करावा.

या कसोट्या लावून आम्ही गेल्या हिवाळ्यात काही रविवारी विद्यार्थ्यांसह सायकलीवर हिंडलो. ज्ञानेश्वर पादुका चौकाकडून जाणाऱ्यांनी थेट गणेशखिंड रस्ता गाठण्याऐवजी मॉडेल कॉलनीतील आतल्या रस्त्यांनी, दीप बंगला चौकाच्या बाजूने जावे. त्यामुळे मोठ्या रस्त्याशी गाठ शेवटच्या टप्प्यात पडते. एरंडवणे, कोथरूड या भागांतून येणाऱ्यांस सेनापती बापट रस्ता सोयीचा वाटतो. परंतु तेथे चढ आहे आणि चढापेक्षा चतुःशृंगीकडचा उतार अधिक जपण्यासारखा आहे. सायकलचे ब्रेक तपासल्यावाचून त्या उतारास लागू नये. नवरात्रात देवीच्या यात्रेची गर्दी असते, त्या दिवसांत तो मार्ग सोडून द्यावा. औंधकडून येणाऱ्यांनीही शक्य तेवढे वसाहतींतील रस्त्यांनी यावे.

मात्र वाट कोणतीही धरली, तरी विद्यापीठ चौक टळत नाही. तेथे उजवीकडे वळण्यासाठी मोटारींच्या रांगांतून वाट काढण्याचे धाडस कोणी करू नये. सायकलवरून खाली उतरावे आणि पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून ती हातात धरून न्यावी. यात कमीपणा नाही. एकदा फाटकाच्या आत शिरले, की ४११ एकरांचे झाडीचे आवार लागते आणि जीव खाली पडतो. बाहेरच्या दोन-तीन मैलांवर तसा जीव खाली पडावा, हीच आमची मागणी आहे.

सायकलस्वाराच्या अंगी काही सवयीही हव्यात. बस किंवा ट्रकच्या डाव्या कुशीत कधी राहू नये. तेथील सायकल चालकाच्या नजरेस पडत नाही. उभ्या मोटारींपासून हातभर अंतर ठेवावे, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. पाण्याखाली काय दडले आहे हे कळत नाही, म्हणून साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नये. विनादिव्याची सायकल पूर्वी पोलीस अडवीत असत. आता तो धाक उरला नाही, तरी पुढचा पांढरा दिवा आणि मागचा तांबडा दिवा यांवाचून अंधारात बाहेर पडू नये.

परंतु सगळा भार मुलांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. शहरात सायकलमार्ग बांधलेही गेले आहेत. तथापि अनेक ठिकाणी त्यांवर वाहने उभी राहतात, फेरीवाले बसतात आणि जेथे संरक्षणाची खरी गरज, त्या चौकाच्या तोंडाशीच मार्ग संपतो. याविषयी आपण नागरिक म्हणून लिहिले पाहिजे. वसतिगृहाच्या भिंतीसाठी आपण दहा अर्ज केले. मुलांच्या वाटेसाठी एकही केला नाही, ही कबुली द्यावयास आम्हांस लाज वाटते.

२०१४ साली या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. मुलींना शिकविण्यास जाताना त्या माउलीच्या अंगावर याच पुण्याच्या रस्त्यात शेण आणि दगड फेकले गेले. शिक्षणाचा मार्ग रोखावयाचा तर शाळेची वाट रोखावी, हे तेव्हाच्या विरोधकांना बरोबर समजले होते. आज कोणी दगड घेऊन उभा नाही. तरीही एका मुलीची ट्रंक वाटेपायीच भरली जात होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. दर वर्षी प्रवेश झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांना सोबत घेऊन विद्यापीठाचा मार्ग एकदा फिरवून आणावा. वसतिगृहाच्या फलकावर मार्गाचा नकाशा लावावा आणि रस्ता बदलेल तसा तोही बदलावा. शिक्षणफंडातून गरजू विद्यार्थ्यांस पुस्तकांसाठी साहाय्य दिले जाते. त्यातच सायकलचे दिवे, शिरस्त्राण आणि ब्रेकदुरुस्ती यांचाही समावेश व्हावा. हा खर्च एका सत्कारसमारंभातील हारतुऱ्यांहून अधिक होणार नाही.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही सहामाहीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. ती संपण्यापूर्वी ते पुन्हा आले. नव्या मार्गाने त्यांना आम्ही स्वतः चालत नेले. मुलगी बरी झालेल्या हाताने सायकल धरून पुढे होती. फाटकाशी पोहोचल्यावर ते एवढेच म्हणाले, "ही वाट आधीच का नाही दाखवलीत?"

सभ्य गृहस्थहो, पुढच्या वर्षी कोणत्याही पालकास हा प्रश्न विचारावा लागू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.