निग्रह आणि नेम : अर्धशिशीच्या रुग्णाचा आहार-व्यायाम



या व्यासपीठावरून अर्थकारण, वाङ्मय, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांवर व्याख्याने होतात. त्या मानाने आजचा माझा विषय फारच लहान, म्हणजे अवघ्या अर्ध्या डोक्याएवढा आहे. परंतु ज्यांचे ते अर्धे डोके दुखते त्यांना विचारा. ते दुखू लागले की उरलेल्या अर्ध्यात अर्थकारणालाही जागा राहत नाही आणि तत्त्वज्ञानालाही नाही.

मी गेली पस्तीस वर्षे डॉक्टरकीचा व्यवसाय करतो आहे, आणि त्याहूनही अधिक वर्षे मी स्वतः अर्धशिशीचा रोगी आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला दोन्ही बाजूंनी पोचतो. त्यांपैकी डॉक्टर म्हणून असलेला अधिकार मी एकदा कसा गमावला, तेथूनच आरंभ करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास. वजन थोडे वाढलेले, रक्तातली साखर सीमेच्या किंचित वर. मी नेहमीच्या सफाईने सांगितले, ‘‘रात्रीचे जेवण बंद. पहाटे उठून तासभर भरभर चालायचे. तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरले पाहिजे.’’ पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, चालायला लागल्यापासून माझे डोके फार उठते. आठवड्यातले दोन दिवस अंधाऱ्या खोलीत जातात.’’ दवाखान्यात गर्दी होती. मी म्हणालो, ‘‘बाई, न करणाऱ्याला कारणे पुष्कळ सापडतात. मनाचा निग्रह हवा.’’

त्या काही बोलल्या नाहीत. पुढे दोन वर्षे आल्याही नाहीत. आल्या तेव्हा साखर बरीच वाढली होती, वजनही वाढले होते, आणि डोके दुखू नये म्हणून रोज एक गोळी घेण्याची सवय जडली होती. मी सगळी हकीकत विचारली तेव्हा म्हणाल्या, ‘‘निग्रह केला होता डॉक्टर. रात्री जेवत नव्हते, आणि पहाटे उपाशीपोटीच चालायला जात होते.’’

मी गप्प झालो. कारण रात्रीचे जेवण चुकले आणि सकाळी उपाशीपोटी दगदग झाली की माझे स्वतःचे डोके हमखास उठते. ज्या दोन गोष्टी मी स्वतः कटाक्षाने टाळतो, त्याच मी त्यांना औषध म्हणून लिहून दिल्या होत्या. आणि वर त्यांच्या निग्रहाला नावे ठेवली होती.

त्या दिवसापासून मी या दुखण्याचा नव्याने अभ्यास सुरू केला. त्याचे सार आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

अर्धशिशी हे फार जुने दुखणे आहे. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांमध्ये अर्धावभेदक सांगितला आहे. ग्रीक लोक यालाच हेमिक्रेनिया, म्हणजे अर्धी कवटी, असे म्हणत; त्याचीच झीज होऊन मायग्रेन हा शब्द झाला. मात्र नावावर जाऊ नये. पुष्कळांचे सबंध डोके दुखते. औषध न घेतल्यास हा झटका ४ ते ७२ तास टिकतो, डोके ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसे होतात, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही दुखणे वाढते. हे शेवटचे लक्षण ध्यानात ठेवावे. झटक्याच्या वेळी व्यायाम टाळणे हा आळस नव्हे, ते या रोगाचे लक्षणच आहे.

आपल्याकडे या दुखण्याला सर्रास ‘पित्त’ म्हणतात. ओकारी झाली की डोके उतरते, तेव्हा पित्तच वर चढले असणार, असा हा तर्क. वस्तुतः ओकारी हे दुखण्याचे मूळ नसून त्याच्याच परिवारातले एक लक्षण आहे. मूळ आहे ते मेंदूत आणि मज्जातंतूंत. चेहऱ्याला व मेंदूच्या आवरणांना संवेदना पुरविणारा ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू या विकारात चेतावतो आणि सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते. हे कोडे उलगडणाऱ्या एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसेन या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली ‘ब्रेन प्राइझ’ देऊन गौरविण्यात आले. हे सांगण्याचे कारण असे की, एकदा दोष पोटाच्या माथी मारला की माणूस पोटालाच शिक्षा करतो. तो लंघन करतो, आणि त्या लंघनानेच पुढचा झटका ओढवून घेतो.

मग या रोग्याच्या मेंदूला हवे तरी काय? माझ्या मते याचे उत्तर एका शब्दात देता येते. तो शब्द म्हणजे नेम. हा मेंदू बदलाला विटतो. झोप कमी झाली तरी तक्रार, रविवारी जास्त झाली तरी तक्रार. जेवण चुकले, चहा चुकला, ऊन लागले, पाणी कमी पडले, एकदम श्रम झाले, की तो रुसतो. आणि आपण आहार-व्यायामाचे संकल्प करतो ते कसे? सोमवारपासून, एकदम आणि जोरात! निग्रह हा झटक्यात सुरू होतो. नेम हळूहळू लागतो. अर्धशिशीच्या रोग्याला निग्रह बाधतो आणि नेम मानवतो.

आता प्रथम आहार पाहू. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जेवणाच्या वेळांवरून दोन पक्ष पडले आहेत. दिवसातून दोनदाच जेवा, असे एक म्हणतो. दर दोन तासांनी खा, असे दुसरा म्हणतो. सोळा-सोळा तास उपाशी राहण्याचीही टूम निघाली आहे. इतरांना काय मानवेल या वादात मी पडत नाही. परंतु दीर्घ उपवासाने अनेकांचे डोके उठते, हे निश्चित. योम किप्पूर या दिवशी ज्यू लोक सुमारे पंचवीस तास निर्जळी उपवास करतात. त्याने होणाऱ्या डोकेदुखीचा अभ्यास इस्राएलमधील डॉक्टरांनी १९९५ साली प्रसिद्ध केला, आणि ज्यांना एरवीही डोकेदुखी होते त्यांनाच हा त्रास अधिक, असे त्यांना आढळले. आपल्याकडच्या संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या बायकांना हे सांगायला अभ्यास नको. व्रत मोडा असे मी म्हणत नाही. पण आजाऱ्याला आणि लेकुरवाळीला उपास नसतो, असे आमची आजी म्हणे, आणि ती काही अश्रद्ध नव्हती.

म्हणून वजन किंवा साखर उतरवायची असेल तर माझे सांगणे असे : ताटे कमी करू नका, ताटातले कमी करा. उठल्यावर फार वेळ न दवडता थोडे खावे आणि जागेपणी दोन खाण्यांत चार-पाच तासांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये. तीन पोळ्यांच्या दोन कराव्यात, भात निम्मा करावा, उसळ आणि कोशिंबीर वाढवावी, चहातली साखर हळूहळू उतरवावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे फेरफार डॉक्टरांना विचारूनच करावेत.

चहा-कॉफी एकदम सोडली तरी डोके दुखते आणि फार झाली तरी दुखते. ९८ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अमेरिकन अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला एक-दोन पेल्यांशी डोकेदुखीचा संबंध दिसला नाही. तीन किंवा अधिक झाले की मात्र त्या दिवशी डोके दुखण्याचा संभव वाढलेला दिसला. तेव्हा दोन कप, ठरलेल्या वेळी. अधिक घेत असाल तर आठवड्याला अर्धा-अर्धा कप कमी करीत यावे.

अमुक खाल्ले की डोके उठते, अशी लांबलचक यादी पुष्कळजण बाळगतात. तिच्याकडे थोड्या संशयाने पाहावे. झटक्याच्या काही तास, क्वचित एक-दोन दिवस आधी, जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि कित्येकांना गोड खावेसे वाटते. माणूस पेढा खातो, मग डोके उठते आणि दोष पेढ्याला मिळतो. खरे पाहता झटका आधीच निघाला होता. पेढ्याची इच्छा ही त्याची वर्दी होती. म्हणून एक साधी वही ठेवावी. डोके केव्हा उठले, काय खाल्ले, किती झोप झाली, कोणती गोळी घेतली, एवढेच लिहावे. पुनःपुन्हा आढळले तरच तो पदार्थ सोडावा.

आता व्यायाम. व्यायामाने झटका येतो, हे त्या शिक्षिकेचे म्हणणे खरे होते. आणि व्यायामाने झटके कमी होतात, हेही खरे आहे. स्वीडनमधील एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. ९१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे व्यायाम, दुसऱ्याला शरीर शिथिल करण्याचे शिक्षण आणि तिसऱ्याला टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध. तीन महिन्यांनी तिन्ही गटांतले झटके कमी झाले, आणि त्या तिघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पण त्या चाळीस मिनिटांची वाटणी पाहा : पहिली पंधरा मिनिटे अंग तापविण्याची, वीस मिनिटे खऱ्या श्रमाची, आणि शेवटची पाच अंग निवविण्याची. सगळी मख्खी त्या पहिल्या पंधरांत आहे, असे मला वाटते. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, नुसत्या औषधापेक्षा औषध आणि योगासने ही जोडी अधिक गुणकारी ठरली.

तेव्हा आरंभ दहा मिनिटांच्या सावकाश चालण्याने करावा आणि आठवड्याला दोन-तीन मिनिटेच वाढवावीत. निघण्यापूर्वी दोन खजूर किंवा केळे खावे, पाणी प्यावे. अर्थात मधुमेह असलेल्यांनी काय आणि किती खावे हे विचारून घ्यावे. चैत्र-वैशाखात उन्हाआधी परतावे. सूर्यनमस्कार अवश्य घालावेत, पण पहिल्याच दिवशी बारा नव्हेत. आणि डोके खाली जाऊन ठणका लागत असेल तर ते आसन सोडून द्यावे.

आणि झटक्याच्या दिवशी? त्या दिवशी काहीही करू नये. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलेले असते, तेव्हा निम्मेच करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बुडालेला दिवस वसूल करू नये. दोन दिवस बुडाले म्हणून तिसऱ्या दिवशी तिप्पट चालणारा माणूस चौथ्या दिवशी पुन्हा अंथरुणात असतो. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण तिकडे महिन्याच्या हिशेबाने जावे. दिवसाचा हिशेब रोज आपल्याला नापास करतो. महिन्याचा हिशेब दुखण्यालाही जागा ठेवतो.

वजनाविषयी एक खुलासा. स्थूलपणाने अर्धशिशी बळावण्याचा धोका वाढतो, हे खरे. पण वजन उतरले की डोके थांबलेच, असेही नाही. ११० स्थूल स्त्रियांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना वजन उतरविण्याचे आणि निम्म्यांना केवळ दुखण्याविषयीचे शिक्षण दिले. डोकेदुखीचे दिवस दोन्हीकडे कमी झाले. वजनाच्या काट्यावर सगळी आशा टांगू नये. शिवाय फ्लुनारिझीन, अॅमिट्रिप्टिलीन, व्हॅल्प्रोएट ही प्रतिबंधक औषधेच काहींचे वजन वाढवितात, आणि प्रोप्रॅनोलॉलने श्रम करताना दम लवकर जातो. अशा वेळी स्वतःला दोष देऊ नये आणि गोळीही परस्पर सोडू नये, डॉक्टरांशी बोलावे. तसेच साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर त्या गोळ्याच डोकेदुखीला कारण होतात. त्या शिक्षिकेचे नेमके हेच झाले होते.

आणखी एक इशारा. एकाएकी कडाडून, पूर्वी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. श्रम करताना अचानक उठलेली डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठ होणे. हात-पाय लुळे पडणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले डोके. यांना अर्धशिशी म्हणून घरी बसू नये. विनाविलंब तपासून घ्यावे.

शेवटचा मुद्दा, आणि तो मी मुख्यतः पुरुष श्रोत्यांना उद्देशून सांगतो. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने अधिक आढळते. आणि आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? नेम हवा असे मी म्हटले. पण पाने वाढून, मागचे आवरून, उरेल ते उरेल त्या वेळी खाणाऱ्या बाईने नेम पाळायचा कसा? त्या शिक्षिकेच्या यजमानांना मी बोलावून घेतले. फार काही सांगितले नाही. सकाळी बाई फिरून येईपर्यंत चहा-नाश्त्याचे तुम्ही पाहा, आणि रात्री साडेसातला दोघे एकत्र पानावर बसा, एवढेच. गृहस्थ समंजस होते. गोळ्यांची सवय सोडविताना पहिले काही आठवडे बाईंना फार जड गेले. पण वहीत हळूहळू कोरी पाने दिसू लागली. पाच किलो उतरायला तीन महिन्यांऐवजी सव्वा वर्ष लागले. साखर आटोक्यात आली. डोके आजही अधूनमधून उठते, कारण अर्धशिशीचा स्वभाव समूळ जात नाही. पण त्या दिवशी त्या निजतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा चालायला जातात.

मागे एकदा त्यांनी मला विचारले, ‘‘डॉक्टर, हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितले?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर मी आज आपल्यापुढे, थोडे उशिरा का होईना, दिले आहे.  आता आठ वाजत आले आहेत. सभेत ज्यांना अर्धशिशी असेल त्यांनी अध्यक्षांच्या समारोपापूर्वी उठून जेवायला गेले तरी अध्यक्षमहाराज रागावणार नाहीत, असा मला विश्वास आहे.