पिशवीवरचा आकडा



दवाखान्यात कुत्रा घेऊन येणारी माणसं हल्ली मोबाइलवर डॉग फूडच्या पिशवीचा फोटो दाखवतात. विचारतात, "डॉक्टर, यात २४ टक्के प्रोटीन आहे. चांगलं आहे ना?"

हा आकडा येतो कुठून, ते मी त्यांना आधी सांगतो. प्रयोगशाळेत सहसा प्रथिनं थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली ही नायट्रोजन मोजण्याची रीत काढली, तीही बिअरच्या धान्यासाठी. रीत चांगली आहे, पण हा नायट्रोजन कोंबडीच्या मांसातला, तिच्या पिसांतला की आणखी कशातला, हे तिला ओळखता येत नाही. पिशवीवर 'क्रूड प्रोटीन' लिहिलेलं असतं ते म्हणूनच.

त्याची किंमत मुक्या जनावरांनी मोजली. मार्च २००७ मध्ये मेनू फूड्स या कॅनडातल्या कंपनीला कुत्र्यामांजरांच्या खाण्याचे सहा कोटींवर डबे आणि पाकिटं बाजारातून परत घ्यावी लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन सापडलं. होय, ज्याच्या ताटल्या आपल्या घरात असतात तेच. त्याच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. म्हणजे किलोभर मेलामाइन मिसळलं, की चाचणीत चार किलो प्रथिनं वाढलेली दिसतात! जोडीला सायन्युरिक आम्ल होतं. दोन्ही मिळून मूत्रपिंडात खडे धरले, लघवी अडली आणि जनावरं गेली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाइन बाळांच्या दुधाच्या भुकटीत निघालं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. मला त्या कुत्र्यांचं मरण म्हणजे कुणी न ऐकलेली हाक वाटते.

म्हणून आकड्याबरोबर घटकांची यादी वाचा. तिच्यात वजनाचा क्रम असतो, पण तो शिजवण्याआधीचा. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे ते यादीत पहिलं दिसलं तरी दाण्यात मका किंवा तांदूळ जास्त असू शकतो. नुसतं 'मांसजन्य पदार्थ' लिहिलं असेल, तर कोणत्या प्राण्याचे, हे विचारा. डब्यातल्या ओल्या खाण्यावरचा ८ टक्क्यांचा आकडा पाहून ते हलकं समजू नका. त्यात ८० टक्के पाणी असेल, तर ते वगळल्यावर प्रथिनं ४० टक्के भरतात. अमेरिकेतल्या आफ्को संस्थेच्या मापाने, असंच पाणी वगळून, मोठ्या कुत्र्याला किमान १८ आणि वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के हवीत.

एक विनंती. दाणे डब्यात ओतले, की रिकामी पिशवी लगेच टाकू नका. त्या बॅचचे दाणे संपेपर्यंत ठेवा. कुत्रा अचानक खाईना, उलट्या करू लागला, पाणी जास्त पिऊ लागला किंवा त्याची लघवी कमी झाली, तर त्याला आणताना ती पिशवीही घेऊन या. बॅच नंबर तिच्यावरच असतो.