फोटो काढणाऱ्याच्या मनातला माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनी मार्गासनी येथे केलेले भाषण)



समितीनं बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही विचारलं, विषय काय? तर म्हणाले, महिनाभर स्मरणिकेसाठी फोटो गोळा करताय, त्यावरच बोला. म्हणून फोटोवरच बोलतो.

विहार उभा करताना ज्यांनी डोक्यावरून दगडमाती वाहिली, त्या वडीलधाऱ्यांचा एकेक फोटो छापायचा असं ठरलं होतं. एका घरी आजींचा फोटो मागितला. सुनेनं कपाटातून मोठा रंगीत फोटो काढून दिला. राजगडाला जाणारी शहरातली मंडळी नसरापूरवरून आपल्याच रस्त्यानं साखर-गुंजवण्याकडे जातात. त्यांतल्याच कुणीतरी तो काढून पाठवला होता. डोक्यावर लाकडाची मोळी, कपाळावर घाम, सुरकुतीन् सुरकुती मोजून घ्यावी इतका स्वच्छ. फोटो म्हणाल तर झकास. पण आजी म्हणाल्या, "ह्यो नगं छापू बाबा." का, तर म्हणाल्या, "मोळी टाकते, तोंड धुऊन येते म्हनले व्हते त्याला. त्यो म्हनला, तशाच ऱ्हावा."

त्या पोराच्या मनात वाईट काही नसणार. फोटो आठवणीनं पाठवला, एवढी माणुसकी त्याच्याजवळ होती. पण गाडीतून उतरण्याआधीच खेड्यातली म्हातारी कशी दिसते हे त्याच्या डोक्यात ठरून गेलं होतं. आजी समोर उभ्या होत्या आणि बोलतही होत्या. त्यानं मात्र डोक्यातल्या म्हातारीचा फोटो काढला.

हे सगळीकडेच घडतं. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनन या कॅमेऱ्याच्या कंपनीनं एक प्रयोग केला. फोटोग्राफर सहा आणि फोटो काढायचा माणूस एकच. एकाला सांगितलं हा करोडपती आहे, दुसऱ्याला हा तुरुंगात जाऊन आलेला, तिसऱ्याला यानं एकाचा जीव वाचवला. कुणाला मच्छीमार, कुणाला दारू सोडलेला, तर कुणाला मनातलं ओळखणारा म्हणून सांगितलं. खरं तर तो नट होता. पण फोटो पाहिले तर सहा वेगळी माणसं वाटावीत! प्रत्येकानं कानानं ऐकलेलंच डोळ्यांनी पाहिलं.

तिथं हा प्रयोग होता. आपल्या मागच्या पिढ्यांवर तो खराखुरा झाला आहे. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज फोटोग्राफर होता. मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. त्यात माणसांचे फोटो कापून वेगळ्याच देखाव्यावर चिकटवले आहेत. माणूस एकीकडचा आणि मागचं देऊळ, झाड, नदी दुसरीकडची! ज्या जातीला जो देखावा शोभेल असं वाटलं, तो तिच्या मागे. पुढं १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना आपली प्रजा ओळखून ठेवायची होती. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. फोटोखाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जात आहे. शेजारी त्या जातीचा स्वभाव लिहिलेला, कुणी इमानी, कुणी लबाड. कॅमेऱ्यापुढं उभा राहिलेल्याला काही विचारलं असेल असं दिसत नाही.

पुढं फोटोवर भागेना म्हणून नाकंसुद्धा मोजली. त्याच मापांचा आधार घेऊन बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही.

बघणारा आधी खूण बघतो आणि मग माणूस, हे बाबासाहेब पक्कं ओळखून होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या आयाबहिणींना सांगितलं, की ज्या नेसण्यावरून आणि गळ्याहातांतल्या दागिन्यांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात, ते सोडून द्या. आता राजगृहातला १९३४ सालचा फोटो आठवा. तो अनेक घरांत आहे. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी कुत्रा. फोटो पाहून सांगा बरं जात! आपल्या घरात बसलेलं एक कुटुंब, एवढंच दिसतं.

पण दुसऱ्यांनाच बोल लावून कसं चालेल? बाबासाहेब म्हटले की आपल्याला निळा कोटच लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेताना ते पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते. दीक्षेच्या चित्रात कुणी त्यांना निळा कोट घातला, तर आपल्यापैकी कितीजणांच्या ते ध्यानात येईल?

आणि आमचीच फजिती सांगतो. विहाराची भिंत ज्यांनी रचली त्या गवंडी आजोबांकडे आम्ही मुद्दाम कुणाचा तरी कोट मागून नेला. म्हटलं, घाला, स्मरणिकेत रुबाबदार दिसाल. ते बराच वेळ कोटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "ह्यो कुनाचा? मी भिंत बांधली, कोट न्हाई शिवला." आतून ओळंबा आणि थापी घेऊन आले आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. आम्ही ओशाळलो. त्या गाडीवाल्या पोराला नावं ठेवली होती, आणि आम्हीही तेच करत होतो. फक्त आमच्या मनातला माणूस कोटात होता.

आजींना मोळी नको होती, आजोबांना ओळंबा हवा होता. दोघांच्याही कष्टाच्याच वस्तू. आम्ही घरी बसून कितीही विचार केला असता तरी हे आम्हाला कळलं नसतं.

तेव्हा परत आजींकडे गेलो. विचारलं, कसा काढू? त्या पांढरं लुगडं नेसून, चष्मा लावून विहाराच्या पायरीवर बसल्या आणि मांडीवर वर्गणीची वही घेतली. विहाराची वर्गणी त्यांनीच दारोदार फिरून जमवली होती, हे आमच्या यादीत कुठं लिहिलेलंच नव्हतं. यादीत फक्त "दगडमाती वाहिली" होतं. ते आम्ही दुरुस्त केलं आहे.

फोटोत आजींचे डोळे जरा मिटलेत. दुसरा काढू म्हटलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, आता सैपाकाला उशीर व्हतोय." तोच छापला आहे.

जयभीम.