रात्री दात खाण्याचा आवाज कोण ऐकतो?

(घाटकोपर येथे युवक-युवतींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरीही आज लहान आणि वयात येणाऱ्या मुलांच्या दात खाण्याबद्दल बोलणार आहे. कारण या विषयातली पहिली माहिती डॉक्टरांकडे नसतेच. ती असते त्या मुलाच्या शेजारी झोपणाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्याकडे.

धाकटा भाऊ झोपेत करकर दात खातो, हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. दाराची बिजागरी कुरकुरावी तसा तो आवाज. सकाळी त्याला विचारले तर त्याला काहीच आठवत नाही. वैद्यकीय भाषेत याला ब्रक्सिझम म्हणतात. याचे दोन प्रकार आहेत. एक झोपेतला, ज्यात दातांवर दात घासले जातात आणि आवाज येतो. दुसरा जागेपणीचा, ज्यात माणूस नकळत जबडा आवळून धरतो आणि आवाज येत नाही. २०१८ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून यावर एकमत मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ही चावण्याच्या स्नायूंची हालचाल आहे. एरवी निरोगी असलेल्या माणसात तिला लगेच आजार म्हणू नये. पण ती दातांना त्रास देऊ शकते आणि कधी कधी दुसऱ्या कशाची तरी खूण असू शकते.

किती मुले दात खातात? जगभरातल्या अभ्यासांत शंभरात तीन-चारपासून ते चाळीसपर्यंत असे आकडे येतात. एवढा फरक का? एक कारण असे, की हे आकडे बहुधा पालकांना विचारून काढलेले असतात. मूल वेगळ्या खोलीत, दार लावून झोपत असेल तर पालक ऐकणार कसे? आपल्याकडे उलट आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरची घरे असोत, मुलुंडची चाळ असो, अंधेरी-जोगेश्वरीची वस्ती असो की बोरिवलीची छोटी खोली, एकाच खोलीत पाच-सहा जण झोपतात. जागेची ही अडचण कुणालाच नको आहे. पण तिच्यामुळे आपल्याला ऐकू येते. मग ऐकून आपण करतो काय?

बहुतेक घरांत नानी किंवा दादी लगेच सांगते, “पोटात जंत झालेत.” मराठी घरांत, मग ती कुठल्याही धर्माची असोत, हा समज पक्का आहे. जंतांमुळेच मूल दात खाते, हे सिद्ध झालेले नाही. जंताची गोळी द्यायची ती जंतांसाठी. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. ती जरूर घ्या. पण गोळी दिल्यावरही आवाज थांबला नाही म्हणून दुकानातून पुन्हा पुन्हा आणून देऊ नका. नजर लागली म्हणून ताविज बांधणे, हा दुसरा उपाय. ताविज बांधून मूल थोड्या दिवसांनी दात खायचे थांबते, कारण बरीच मुले आपोआपच थांबतात. श्रेय मात्र ताविजाला जाते. आणि ज्या मुलाला खरोखर तपासणीची गरज असते, त्याचे महिने फुकट जातात. माझे भांडण आहे ते या वाया गेलेल्या महिन्यांशी.

आधी दिलासा देणारी गोष्ट सांगतो. लहान मुलांचे दात खाणे बहुतेक वेळा वाढत्या वयाबरोबर कमी होत जाते. साधारण सहा ते बारा या वयात दुधाचे दात पडून कायमचे येतात. दुधाचे दात थोडे झिजले तरी घाबरायचे कारण नसते. झोपेत मेंदू अधूनमधून क्षणभर जागा होण्याच्या बेतात येतो, तेव्हा जबड्याचे स्नायू आवळतात. मूल हे मुद्दाम करत नाही. म्हणून त्याला हलवून उठवणे, ओरडणे, चारचौघांत त्याची नक्कल करणे, हे सगळे बंद करा.

आता काळजीची बाजू. दात खाण्याबरोबर आणखी काय ऐकू येते, हे नीट ऐका. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री मूल घोरते का? तोंड उघडे टाकून झोपते का? मध्येच श्वास थांबतो आणि मग हुंदक्यासारखा मोठा श्वास येतो का? खूप घाम येतो, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले आहे, दिवसा पेंगते किंवा उलट एका जागी बसतच नाही, असे आहे का? नाकाच्या मागच्या ॲडिनॉइड ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढले, ॲलर्जीने नाक कायम चोंदले, तर झोपेत श्वासाला अडथळा येतो आणि झोप सारखी तुटते. अशा मुलांमध्ये दात खाणेही जास्त आढळते. इथे दाताच्या आधी श्वासाची तपासणी हवी, म्हणजे बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर. आणि एका खोलीच्या घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल, तर तो धूर त्या मुलाच्याच नाकात जातो. “अब्बा, बाहेर जाऊन ओढा,” एवढे म्हणण्याचे धाडस घरातल्या मोठ्या मुलामुलीने करायला हवे.

वयात येणाऱ्या मुलांचे चित्र वेगळे असते. त्यांचे दात कायमचे असतात आणि झिजलेले एनॅमल परत येत नाही. खुणा अशा: सकाळी जबडा दुखणे, कानशिले ठणकणे, थंड पाणी दाताला झोंबणे, दातांची टोके सपाट होणे, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटणे, जांभई देताना कानापाशी कट्ट असा आवाज येणे. दहावी-बारावी, नीट, जेईई यांच्या काळात हे वाढलेले दिसते. ताण आणि जबडा यांचे नाते आपल्या भाषेला ठाऊकच आहे. राग गिळणाऱ्या माणसाला आपण ‘दात-ओठ खातो’ म्हणतो.

इथे मला घरातल्या मुलींबद्दल बोलायचे आहे. रात्री भांडी घासून सगळ्यात शेवटी झोपणारी तीच, रमजानमध्ये सहरीसाठी सगळ्यात आधी उठणारी तीच, आणि आठला कॉलेज गाठणारीही तीच. झोपेच्या तज्ज्ञांच्या मते १३ ते १८ वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, ६ ते १२ वयाला नऊ ते बारा तास. तिला किती मिळते, हे मोजून पाहा. तिचे डोके दुखते तेव्हा “मोबाईल कमी बघ” असे सांगितले जाते. भांडी वाटून घेऊ, असे कुणी म्हणत नाही. भावांनो, रात्रीची निम्मी भांडी आणि सहरीचा एक दिवसाआड गजर तुमच्याकडे घ्या. तिला तासभर जास्त झोप मिळणे हाही उपचारच आहे.

मग करायचे काय? आमच्या कामात एखादी गडबड कधी होते हे कळल्याशिवाय कोडला हात लावत नाहीत, आधी नोंद ठेवतात. तसेच करा. दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजता झोपला, किती वाजता आवाज आला, घोरत होता का, दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा घरात भांडण होते का, संध्याकाळनंतर चहा-कोल्ड्रिंक घेतले का. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण फक्त डॉक्टरांना ऐकवायला. घरच्या ग्रुपवर टाकू नका. एखादे मूल मन एकाग्र होण्याच्या किंवा नैराश्याच्या औषधांवर असेल तर तेही लिहा, कारण अशा काही औषधांनी जबडा आवळला जाऊ शकतो. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

झोपण्याआधी तासभर स्क्रीन बंद, दिवा मंद. सुपारी आणि च्युइंगम सोडा, जबड्याला विश्रांती हवी. जागेपणी एकच सवय लावा: ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे. लक्षात कसे राहणार? दिवसातून पाच वेळा अजान कानावर येते, लोकलमध्ये दर दोन-तीन मिनिटांनी “पुढील स्टेशन” ऐकू येते. प्रत्येक वेळी जबडा सैल आहे का, पाहा. अंधेरी ते बोरिवली एवढ्या प्रवासात बराच सराव होतो.

दात दिसण्याइतपत झिजले, तोंड उघडताना जबडा अडकला किंवा दुखणे राहिले, तर दंतवैद्याकडे जा. पालिकेच्या नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, पश्चिम मार्गावरून थेट. शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ आहे, मुलुंड-घाटकोपरकरांना सोयीचे. श्वासाच्या तक्रारीसाठी कूपर आणि राजावाडीसारखी पालिकेची रुग्णालये जवळ आहेत. दातांवर घालायचा नाइटगार्ड ऑनलाइन मागवू नका. वाढत्या जबड्यात तो बसत नाही. तो द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि मनावरचा ताण कुणाला सांगावासा वाटला तर टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते.

शेवटची गोष्ट घराबाहेरची आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लाउडस्पीकरला मनाई करतात. आपण दुसऱ्यांच्या डीजेबद्दल तक्रार करतो, तेव्हा आपल्या गल्लीतल्या हळदीला आणि जलशालाही तोच नियम लावू या. गल्लीतल्या प्रत्येक खोलीत कुणाचे तरी मूल झोपलेले असते.

आज रात्री तो आवाज ऐकू आला तर भावाला धक्का देऊन कूस बदलू नका. पाच मिनिटे त्याचा श्वास ऐका आणि सकाळी वहीत लिहा. तेवढे काम दुसरे कुणी करू शकत नाही.