भूकंपानंतर धावून आलेली माणसे



आज आपण एका पहाटेची आणि तिच्या मागोमाग आलेल्या दिवसांची गोष्ट बोलू. थोरांना ती सांगायला नको, त्यांनी ती भोगली आहे. पण नंतर जन्मलेल्या पोरांना ठाऊक असावी.

सन 1993. सप्टेंबरची 30 तारीख. गणपती बोळवून लोक थकून निजले होते. पहाटेचे चार वाजत आले होते. तोच धरणी हादरली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, आपल्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर, होळी, राजेगाव. तेव्हा आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. गावेच्या गावे बसली. जवळजवळ 8,000 माणसे गेली.

एवढी माणसे का गेली? आपली घरेच वैरी झाली. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, दगडांच्या सांध्यांत नुसती माती, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पण हादरा बसला की भिंत फुटते आणि माळवद निजलेल्या माणसावर येते.

वरून पाऊस. अशा चिखलात पहिली धाव घेतली ती शेजारच्या गावांनी. हाताने दगड उपसले. मग लष्कर आले. जखमींना सोलापूरच्या दवाखान्यात नेले. मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. नुसते बघायला आलेल्यांचीही गर्दी झाली, तेही सांगायला हवे. जुन्या कपड्यांचे ढीग पडले. देणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण घेणाऱ्याला काय हवे ते आधी विचारावे, असे आम्हाला वाटते.

विचारून केलेल्या मदतीतली एक मोठी मदत लेकरांची होती. कुणाचा बाप गेला, कुणाची आई, कुणाचे दोघेही. पुण्याचे शांतिलाल मुथा गावोगाव फिरले. लेकरे आमच्याकडे द्या, आम्ही शिकवतो, असे ते म्हणाले. आता बघा, घर गेले, माणसे गेली, उरले ते एक लेकरू. तेही परक्याच्या हाती द्यायचे! ना नाते, ना जात, ना गाव एक. कुणाचे काळीज होईल? तरीही लोकांनी विश्वास टाकला. सुमारे 1,200 मुले पुण्याला गेली. तिथे ती राहिली, शिकली. भारतीय जैन संघटनेने हे काम केले. चार दिवसांचे अन्न देणे सोपे. दहा-दहा वर्षे दुसऱ्याची लेकरे सांभाळणे ही निराळीच गोष्ट. आणि लेकरू देणाऱ्या त्या आजी-आजोबांनी, चुलत्यांनी छातीवर दगड ठेवला, त्याचे मोल आम्ही कमी धरत नाही.

पुढे घरे बांधायची वेळ आली. तेव्हा गावोगावच्या बाया पुढे झाल्या. स्वयं शिक्षण प्रयोग नावाची संस्था त्यांच्या पाठीशी होती. ज्या बाया कधी चावडीवर उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या सिमेंट किती, वाळू किती, भिंतीला पाणी मारले का, हे विचारू लागल्या. माळवदावरची माती कमी करा. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड घाला. हे त्या शिकल्या आणि दुसऱ्यांना सांगू लागल्या.

सन 2001. जानेवारीची 26 तारीख. गुजरातेत कच्छ हादरला. तेव्हा याच लातूर-धाराशिवच्या बाया तिकडे गेल्या. मुलूख परका, बोली परकी. पण पडलेले घर त्यांना ओळखीचे होते. तिथल्या बायांजवळ त्या बसल्या. आमचेही असेच झाले होते, म्हणाल्या. मग कामाचे बोलल्या. ग्रामसभेला जा, घरातल्या बाईला विचारल्याशिवाय घराचा नकाशा ठरवू देऊ नका, आणि बांधकाम चालू असता रोज तिथे जाऊन उभ्या राहा.