पान उघडत नाही, तेव्हा



आज धडा बाजूला ठेवू. आज घरच्या कॉम्प्युटरविषयी चार गोष्टी बोलू. मी त्यातला कारागीर नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पण घरात कॉम्प्युटर आहे. तो अडला की मीच खटपट करतो. त्यातून जे कळले, तेवढेच सांगतो.

आमच्या एका शेजाऱ्यांची गोष्ट आहे. नाव सांगत नाही, कारण ते इथेच बसले आहेत. त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला. तारेने इंटरनेटही आणले. भिंतीजवळ राउटर ठेवला. राउटर म्हणजे तारेतून आलेले इंटरनेट घरभर वाऱ्यावर सोडणारी डबी. मुलगी बारावी पास झाली. कॉलेजचा अर्ज कॉम्प्युटरवरच भरायचा होता. शेवटची तारीख दोन दिवसांवर आली, आणि पान काही उघडेना! पडद्यावर चक्री फिरते, फिरते, फिरतच राहते. अर्धे पान येते आणि थांबते.

शेजारी तालुक्याला गेले. दुकानदाराने यंत्र न बघताच सांगितले, "जुना झालाय. नवा घ्या." नव्याला पैसे कुठले? गोठ्यातली कालवड विकायचे ठरले. वहिनींनी मला हाक मारली. म्हणाल्या, "गुरुजी, एकदा तुम्ही बघा. मग काय विकायचे ते विकू."

मी आधी विचारले, "भाऊ, तुमच्या शेतात पाटाचे पाणी आले नाही, तर तुम्ही काय करता? नवे शेत घेता का?" ते हसले. म्हणाले, "चारी धरून वर जातो. कुठे अडलंय ते बघतो."

तेच इथे करायचे. कारण पान हे यंत्रात नसते. ते दूरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर असते. तिथून ते तुकड्या-तुकड्यांनी येते. अक्षरे वेगळी, चित्रे वेगळी, जाहिराती वेगळ्या. एका पानाचे शंभर तुकडेही असतात. ते तारेतून राउटरपर्यंत येतात, राउटरपासून वाऱ्यावर कॉम्प्युटरपर्यंत येतात. मग कॉम्प्युटर ते जुळवून पडद्यावर मांडतो. यात कुठेही अडू शकते. दोष शेवटच्या टोकालाच आहे, हे कशावरून?

पहिल्यांदा आम्ही दुसरेच एक पान उघडून पाहिले. तेही रखडले. म्हणजे फक्त कॉलेजचा दोष नाही. मग त्याच खोलीत, त्याच राउटरवर मुलीचा मोबाईल लावला. मोबाईलही रखडला! इथे शेजाऱ्यांचे डोळे उघडले. मोबाईल तर नवा होता. मग कॉम्प्युटर जुना म्हणून पान अडते, हे कसे खरे मानायचे? मग मी मोबाईल घेऊन राउटरजवळ गेलो. तिथे पान चटकन उघडले. म्हणजे तारेतून येणारे ठीक होते. राउटर ते कॉम्प्युटर एवढ्या दहा पावलांत अडत होते.

त्या दहा पावलांत काय होते? धान्याची पत्र्याची कोठी! राउटर तिच्या मागे, जमिनीवर पडला होता. राउटरच्या लहरी पत्र्यातून पार जात नाहीत. जाड भिंतीतूनही त्या दमतात. आम्ही राउटर उचलून फळीवर ठेवला. कोठी होती तिथेच राहिली. राउटर मोकळ्यावर आला. चक्री थांबली. खर्च म्हणाल तर दोन खिळे.

पुष्कळ राउटर दोन जातींच्या लहरी सोडतात. एक २.४ची, एक ५ची. ५ची लहर वेगवान, पण जवळच चालते. २.४ची हळू, पण भिंतीपलीकडे बरी पोचते. कॉम्प्युटर लांब असेल तर २.४ला जोडून पाहा. तार जोडता आली तर सगळ्यात उत्तम.

तरी मधूनमधून अडखळतच होते. पाहिले तर पडद्यावर वीस-बावीस पाने एकदम उघडी. शिवाय बाहेरच्या खोलीत चिरंजीव क्रिकेट बघत बसलेले. एकाच चारीवर किती दारे उघडायची? नको ती पाने बंद केली. क्रिकेट बंद करायला मात्र वहिनींना जावे लागले.

कंपनीच्या कागदावर ४० एमबीपीएस असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सेकंदाला ४० एमबी नव्हे. त्याला ८ने भागा. सेकंदाला ५ एमबी, तेही सगळे सुरळीत असेल तर. हे माहीत नसले की माणूस उगाच भांडतो, किंवा उगाच गप्प बसतो.

एक धोका नीट ऐका. पान रखडले की कधीकधी पडद्यावर पाटी येते. "तुमचा कॉम्प्युटर मंद झाला आहे, इथे दाबा." दाबू नका. कोणी फोन करून "दुरुस्त करून देतो, हे ॲप घ्या" म्हणाला, तर फोन ठेवा. त्या ॲपमधून तो तुमचा पडदा बघतो आणि बँकेतले पैसे नेतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. लाजू नका, उशीर करू नका.

अर्जाचे काय झाले? संध्याकाळी इतर सगळी पाने भराभर उघडत होती. कॉलेजचेच पान अडले होते. आता अडचण आपल्या घरात नव्हती. शेवटच्या तारखेला हजारो मुले त्या एकाच कॉम्प्युटरच्या दारात उभी असतात. तिथे आपण राउटर कितीही हलवून उपयोग नाही. मी मुलीला म्हटले, "बाई, झोप आता. पहाटे पाचला बस."

ती साडेचारलाच उठली. साडेपाचला पावती घेऊन माझ्या दारात उभी होती. कालवड अजून गोठ्यातच आहे. आता ती गाभण आहे.